गच्चीची लेखी परीक्षा

सुदर्शन घैसासांच्या पलंगावर तिघं झोपत असत. भिंतीकडच्या बाजूला प्रियदर्शनीबाई, दाराकडच्या बाजूला स्वतः घैसास आणि मधे एक पितळी पातेलं. पातेलं चांगलं थोरलं होतं, अख्ख्या इमारतीचं कोजागरीचं दूध एकदम आटेल एवढं. प्रियदर्शनीबाईंच्या आईने ते त्यांना लग्नात दिलं होतं आणि सदाशिव पेठेतल्या ‘सुहृद’ सोसायटीच्या गच्चीवर वर्षानुवर्षं त्यात दूध आटलं होतं. पण गेल्या दोन कोजागऱ्या गच्चीला कुलूप होतं. वर कोणी नुसतं चाललं तरी खाली चौथ्या मजल्यावर घैसासांचं छत पाझरायचं. पावसाळ्यात पावसाचं, एरवी ओसंडणाऱ्या टाकीचं पाणी थेट पलंगाच्या मधोमध पडायचं आणि ते झेलायला घरात एवढं मोठं दुसरं भांडं नव्हतं.

घैसासांना त्याची इतकी सवय झाली होती, की एखादा थेंब उशिरा पडला तर ते दचकून जागे होत. प्रियदर्शनीबाईंना मात्र सवय झाली नव्हती. जानेवारी संपता संपता त्यांनी पातेल्यावरून मान उंच करून नवऱ्याला सांगितलं, “यंदाच्या कोजागरीला ह्या पातेल्यात गच्चीवर दूध आटलं नाही, तर मी पातेलं घेऊन साताऱ्याला भावाकडे जाणार. त्याची गच्ची कोरडी आहे.”

“आणि परत कधी येणार?”

“ते पातेल्याला विचारून कळवते.”

आता, गच्ची दुरुस्त करणं यात कसलं आलंय अवघड, असं ज्याला वाटतं तो सोसायटीत राहत नाही. ‘सुहृद’ची गच्ची याआधी दोनदा दुरुस्त झाली होती. पहिल्यांदा कंत्राटदार निवडला तो सगळ्यात कमी दर बघून. त्याने गच्चीवर डांबर ओतलं, ते उन्हात मऊ झालं आणि वाळत घातलेले कपडे आणायला गेलेली बरीच मंडळी चपला वरच सोडून अनवाणी खाली आली. दुसऱ्यांदा निवडला तो ओळखीवर. तो कुणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र होता. त्याने एक भेग बुजवली, त्याबरोबर घैसासांच्या स्वयंपाकघरातली गळती थांबली आणि पलंगावरची सुरू झाली. तक्रार केली तर म्हणाला, “स्वयंपाकघर म्हणालात, स्वयंपाकघर केलं. बेडरूमचं आपलं बोलणं झालं नव्हतं.”

फेब्रुवारीत पार्किंगमध्ये सभा भरली. घैसास सोसायटीचे सेक्रेटरी होते, म्हणजे शिव्या खायचा अधिकार त्यांच्याकडे होता. पहिल्या मजल्यावरचा सलिल पाटकी एका कानात कंपनीची मीटिंग ऐकत होता आणि दुसऱ्या कानाने सोसायटीची. तो म्हणाला, “काका, सिंपल आहे. ऑनलाइन रेटिंग्ज बघू. फोर पॉइंट टूच्या खालचे सगळे उडवू. डन?” तळमजल्यावरच्या भागवतकाकूंना तर मुळात गच्चीच मान्य नव्हती. “गच्ची तुमच्या डोक्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोक्यावर पाटकी आहेत. मी पाटक्यांचं बघते, तुम्ही गच्चीचं बघा. माझा विरोध नोंदवा.”

घरी आल्यावर प्रियदर्शनीबाईंनी खिडकीतून समोर बोट दाखवलं. समोरच्या इमारतीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका होती. “ती गच्ची बघा. दुरुस्त झाल्यापासून मुलं पावसाळ्यात तिच्या खालच्या खोलीत पुस्तकं उघडी टाकून चहाला जातात. कोणी केली ते विचारून या. रस्ता ओलांडायचाय फक्त.”

“ऐकीव माहितीवर सार्वजनिक काम देता येत नाही,” घैसास म्हणाले. “मग ओळखीत आणि ह्यात फरक काय? निवड शास्त्रशुद्ध झाली पाहिजे.”

घैसासांना सगळे ‘सर’ म्हणत, पण त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात ते नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गठ्ठ्यांना लाख लावणं, बाकांवर आसन क्रमांक टाकणं आणि कॉपी पकडणं यात त्यांची हयात गेली. या जगात योग्य माणूस निवडायचा एकच रस्ता आहे आणि तो आसन क्रमांकावरून जातो, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. प्रियदर्शनीबाईंना त्यांनी पत्रिका बघून होकार दिला होता, ही एक चूक ते अधूनमधून बोलून दाखवत. त्यावर बाई म्हणत, “पेपर काढला असतात तर मी कोराच दिला असता.”

पुढच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, की कंत्राटदारांची लेखी परीक्षा होईल. पहिला येईल त्याला काम. नावं झाकून पेपर तपासले जातील, म्हणजे वशिल्याला वाव नाही. “आणि ह्यातून निवडलेल्या माणसाने काम बिघडवलं,” ते उभे राहून म्हणाले, “तर मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देईन.” टाळ्या पडल्या. त्या परीक्षेसाठी होत्या की राजीनाम्यासाठी, हे त्यांना नीटसं कळलं नाही.

मार्च महिना प्रश्नपत्रिका काढण्यात गेला. पेपर फुटू नये म्हणून घैसास तो कपाटात कुलपात ठेवत आणि बायकोसमोर गच्ची हा शब्दही उच्चारत नसत. हार्डवेअरच्या दुकानांत, सिमेंटच्या गोडाउनवर त्यांनी स्वतः जाऊन सूचना चिकटवली. तिच्या तळाशी लाल अक्षरांत होतं: ‘परीक्षेच्या वेळी तंबाखू मळू नये. मळून आणू नये. शेजाऱ्यास देऊ नये.’

एप्रिलमधल्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एका क्लासकडून आणलेले बाक मांडले गेले. पाटक्यांची गाडी बाहेर काढावी लागली, म्हणून सलिलने व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दुःखी चेहरा टाकला. पाच-सहा कंत्राटदार आले. सूरज नावाचा एक तरतरीत तरुण गॉगल लावून टॅबलेट घेऊन आला होता. “अंकल, केमिकल जर्मन आहे, व्हिडिओ दाखवू?” घैसासांनी टॅबलेट जप्त करून त्याला पावती दिली. भैरू नावाचा रंगारी होता, तो सगळंच करत असे. त्याला आसन क्रमांक मिळाल्यावर त्याने तो कपाळाला लावला.

घंटा झाली आणि पेपर वाटले गेले. पहिला प्रश्न रिकाम्या जागांचा होता. दुसऱ्यात ओल आणि गळती यांतला फरक स्पष्ट करायचा होता. तिसऱ्यात ‘भेग’ किंवा ‘उतार’ यावर टीप होती. आणि शेवटी निबंध: ‘मी गच्ची बोलतेय’. कंत्राटदारांनी एकमेकांकडे बघितलं. भैरूने हात वर केला. “साहेब, गच्ची बोलती?”

“कल्पना करा,” घैसास म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून एक मुलगी धावत आली. पाठीवर भली मोठी सॅक, केसांत पेन खोचलेलं. “सर, मी ते कोंडी...” ती धापा टाकत म्हणाली.

“नाव सांगायचं नाही!” घैसास केवढ्याने तरी ओरडले. “परीक्षकाला नाव कळता कामा नये. उशीर झालाय, बसा.”

“पण सर, मला सांगितलं होतं की फक्त कागद भरून...”

“कागद भरायलाच तर सगळे बसलेत.” त्यांनी तिला आसन क्रमांक दिला, समोर उत्तरपत्रिका ठेवली, वर प्रश्नपत्रिका ठेवली. मुलीने प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं होतं ते मिटलं. केसांतलं पेन हातात आलं, डावीकडे समास आखला गेला आणि मग तिने शेवटच्या घंटेपर्यंत मान वर केली नाही. एक बाई कंत्राटदार म्हणून पुढे येते आहे, हे बघून घैसासांना फार बरं वाटलं. काळ बदलतोय, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि त्याच तंद्रीत भैरूला कॉपी करताना पकडलं. त्याच्या तळहातावर निळ्या शाईने बरंच काही लिहिलेलं होतं. ती बायकोने सांगितलेली किराणा मालाची यादी निघाली, पण नियम म्हणजे नियम. भैरू आनंदाने उठला, ‘मी गच्ची बोलतेय’मधून सुटलो म्हणाला आणि किराणा आणायला गेला.

घैसास पेपर तपासायला बसले. ‘पाणी नेहमी ____ जाते’ या रिकाम्या जागेत एकाने ‘घैसास सरांकडे’ असं लिहिलं होतं. विधान वस्तुस्थितीला धरून असल्यामुळे त्यांनी अर्धा गुण दिला. सूरजने निबंधाच्या जागी व्हिजिटिंग कार्ड चिकटवलं होतं. दुसऱ्या एकाने सगळीकडे एकच उत्तर दिलं होतं: ‘साइटवर येऊन बघून सांगतो.’

आणि मग ती उत्तरपत्रिका आली. ओल आणि गळती यांतला फरक तक्त्यात. भेगांची कारणं नैसर्गिक, मानवनिर्मित आणि धोरणात्मक अशा तीन भागांत, तिसऱ्याखाली लाल रेघ. ‘गळती ही केवळ तांत्रिक समस्या नसून सामाजिक समस्याही आहे,’ अशी सुरुवात आणि ‘लोकसहभागाशिवाय कोणतीही गच्ची कोरडी राहू शकत नाही,’ असा समारोप. निबंधात तर गच्चीने स्वतःच्या तोंडून, आपल्यावर पूर्वी वाळलेल्या कुरडया आणि चांदण्यात बसलेली माणसं आठवली होती. घैसासांनी चष्मा पुसला. एवढं शुद्धलेखन त्यांनी कॉलेजातसुद्धा पाहिलं नव्हतं. तरी गुण थोडे कापले, कारण पूर्ण गुण द्यायची त्यांच्या खात्यात पद्धत नव्हती.

नावावरची पट्टी सोडवली तेव्हा नाव निघालं: पूर्णिमा वानखडे. यादी जिन्यात लागली. सर्वसाधारण सभेने निवड एकमताने मंजूर केली, भागवतकाकूंचा विरोध वगळून. ठराव झाला, कामाचा आदेश पूर्णिमा वानखडे यांच्या नावाने टाइप झाला, त्यावर सोसायटीचा शिक्का बसला. सूरजने उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीचा अर्ज केला. घैसासांनी तो इतक्या आस्थेने स्वीकारला, की सूरज घाबरून पुन्हा फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा पेढे घेऊन दारात उभी राहिली.

“सर, तुमच्या पाया पडते. आजवर इतक्या परीक्षा दिल्या बाप्पा, पण पहिली कधीच आली नव्हती.” तिचे डोळे भरून आले होते. “यादीचा फोटो घरी पाठवला. बाबा गावात पेढे वाटून राहिले... म्हणजे वाटतायत.” ती पुण्याची भाषा बोलायचा प्रयत्न करत होती, पण आनंदात तिला ते जमत नव्हतं.

“अभिनंदन. काम कधी सुरू करताय?” घैसासांनी पेढा तोंडात टाकला.

“तेच सांगायचं होतं सर. मला गच्ची करता येत नाही. मला उपजिल्हाधिकारी व्हायचंय.”

पेढा घशात अडकला. प्रियदर्शनीबाईंनी पाणी आणलं, पाठीवर थोपटलं, आणि मग सगळी हकीकत बाहेर पडली. पूर्णिमा यवतमाळकडची. पुण्यात येऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. धायरीच्या कोंडीराम पोकळे नावाच्या कंत्राटदाराचे सगळे अर्ज-बिर्ज ती भरून द्यायची. कोंडीरामने हार्डवेअरच्या दुकानात सूचना वाचली, त्यातला ‘परीक्षा’ हा शब्द म्हणजे महापालिकेचं आणखी काहीतरी नवीन प्रकरण असणार, असं समजून त्याने हिला पाठवलं.

“अहो, पण मग पेपर कशाला लिहिलात?”

“मी सांगत होते ना सर, तुम्हीच नाव सांगू दिलं नाही. आणि...” ती ओशाळून म्हणाली, “समोर प्रश्नपत्रिका आली की माझ्यानं थांबवतच नाही. ‘परीक्षार्थीचे नाव’ दिसलं की हात आपोआप माझंच नाव लिहितो.”

घैसास खुर्चीत बसले ते उठेनात. निवड रद्द करायची तर पुन्हा सभा, पुन्हा नोटीस, आणि सभेसमोर काय सांगायचं? परीक्षा विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाने जिच्या हातात कधी थापी आली नाही तिला गच्चीचं काम दिलं? सलिल त्यावर काय चेहरा टाकील, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला. राजीनामा द्यायचा तर कोजागरी गेली, पातेलं गेलं आणि पातेल्याबरोबर सातारा.

तेवढ्यात पूर्णिमाचा फोन वाजला. तिने कानाला लावला आणि हलकेच घैसासांच्या हातात दिला. “बाबा आहेत. तुमच्याशी बोलायचं म्हणून राहिले.”

“नमस्कार जी साहेब!” पलीकडून आवाज आला. मागे बरीच माणसं असावीत. “पोरगी पयली आली म्हणते! लय उपकार झाले जी. कोणत्या खात्यात लागली?”

घैसासांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

“गच्ची,” घैसास म्हणाले. “गच्ची विभाग.”

“वा! आन् पोस्टिंग कुठी?”

“इथेच. चौथ्या मजल्यावर.”

पलीकडे जल्लोष झाला. फोन परत देताना घैसासांच्या लक्षात आलं, की आता ही निवड रद्द करायचं धैर्य त्यांच्यात उरलेलं नाही. नाहीतरी ती गुणवत्तेवर झाली होती. त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी कधी कुणाचा निकाल मागे घेतला नव्हता आणि घशात अडकलेल्या एका पेढ्यापायी ते तशी सुरुवात करणार नव्हते.

संध्याकाळी कोंडीराम पोकळेंना बोलावून घेतलं. पांढरा शर्ट, खिशाला मोबाईलचा जडशीळ भार, आणि चेहऱ्यावर कशानेही न ढळणारी शांती. सगळं ऐकून ते म्हणाले, “आवो साहेब, मग अडलंय कुठं? नाव पोरीचं, माणसं माझी. म्या तिच्या हाताखाली काम करीन. नायतरी माझं कागुद तीच बघती. वर चला, गच्ची दावा.”

वर गेले आणि थांबले. गच्ची दिसतच नव्हती. तिच्यावर जुन्या सायकली होत्या, मोडके पाळणे होते, मुकी झालेली टीव्हीची ताटं होती, आणि एका कोपऱ्यात कुंड्यांचं अख्खं रान होतं. “ह्याच्याखाली गच्ची हाय म्हणता?” कोंडीरामनी विचारलं. “हे हललं तर काम. आदल्यानं मधल्या वाटंवरच डांबर वतलंय बघा.”

घैसासांनी आजवर हे सामान हलवा म्हणून किती सूचना लावल्या होत्या, त्याचा हिशेब नव्हता. त्या सूचना लोक वाचत, शुद्धलेखनाची तारीफ करत आणि खाली जात. आता आदेश निघाला तो पूर्णिमाच्या सहीने. तिने तो लावला नाही. ती प्रत्येक दारात स्वतः गेली. “मुलाखतीची तयारी होऊन राहिली सर,” असं म्हणून तिने या मोहिमेला ‘अतिक्रमण निर्मूलन’ असं नाव दिलं. सलिल पाटकीला तिने विचारलं, की गच्चीवरची त्याची लहानपणची सायकल राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर करायची आहे का. सलिलने मीटिंग म्यूट केली आणि आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीच्या कामाला गच्चीवर गेला.

राहिलं ते कुंड्यांचं रान. त्याचा वारस कोण, हे कोणी सांगेना. पूर्णिमाने शांतपणे जाहीर केलं, की बेवारस कुंड्या उद्या बागेला दान केल्या जातील. पंधरा मिनिटांत भागवतकाकू पाच जिने चढून वर आल्या.

“काकू, तुमच्या डोक्यावर तर पाटकी आहेत ना?” घैसास गोड आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना असा चेंडू कोणी टाकला नव्हता.

“ऊन कुठे आहे खाली?” काकू फणकारल्या. “आणि माझ्याकडच्या जुन्या किल्लीने कुलूप काढून रोज पाणी घालते म्हणून जगलीत. नुसती कोरडी भाषणं करून झाडं जगत नाहीत, सर.”

रोज पाणी, हे ऐकून घैसासांना आपला पलंग आठवला. पण काकूंनी कुंड्या तळमजल्यावर न्यायला त्यांच्याचकडून मदत करून घेतली. बोलायला श्वास राहिला नाही.

मे महिन्यात कोंडीरामच्या माणसांनी जुनं डांबर खरवडलं, उतार काढला, वर चकचकीत थर दिला. रोज संध्याकाळी पूर्णिमा पाहणी दौरा काढायची. कोंडीराम तिच्या मागे हात बांधून चालायचे आणि मुद्दाम मोठ्याने ‘म्याडम’ म्हणायचे. शेवटी खरी कसोटी आली. गच्चीची सगळी भोकं बंद करून तिच्यावर घोटाभर पाणी साठवायचं आणि खाली थेंब पडतो का बघायचं. कठड्यावर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारली. घैसासांनी पलंगावरचं पातेलं पुसून कोरडं केलं आणि त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले. जणू तेच पर्यवेक्षक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पातेलं कोरडं होतं. घैसास गुणगुणत वर गेले आणि त्यांचं गुणगुणणं थांबलं. पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. चांगलं चार बोटं. तासाभराने गेले तर आणखी खाली. ते धावत खाली आले, पातेल्यात डोकं घालून बघितलं, छताला हात लावून बघितला. कोरडं ठणठणीत. मग पाणी जातंय कुठे? भिंतींत? पायात? अख्खी इमारत आतून भिजते आहे, असं त्यांना दिसू लागलं. त्यांनी राजीनामा लिहायला घेतला. लिहिताना एक वाक्य बिघडलं, म्हणून कागद बदलून पुन्हा लिहिला. प्रियदर्शनीबाईंनी तो वाचला. “सुवाच्य आहे,” त्या म्हणाल्या. “पण आधी त्या मुलीला बोलवा.”

पूर्णिमा आली, मागोमाग कोंडीरामही आले. तिने गच्चीकडे पाहिलं नाही, जिन्याकडे पाहिलं. जिन्यावर ओल्या पावलांचे ठसे होते. काही खाली जाणारे, काही पुन्हा वर येणारे, आणि वाटेत प्रत्येक दारापाशी थोडं थोडं सांडलेलं पाणी. “सर,” ती हळूच म्हणाली, “आज गुरुवार ना?”

घैसासांनी कपाळाला हात लावला. धरणातलं पाणी पुरवायचं म्हणून महापालिकेने गुरुवारचं पाणी बंद ठेवलं होतं. टाकीतलं होतं नव्हतं ते सगळं त्यांनीच कालच्या कसोटीसाठी गच्चीवर सोडलं होतं. म्हणजे इमारतीत कुठल्याच नळाला थेंब नव्हता, फक्त डोक्यावर तळं होतं. वरच्या दारापाशी पावलं वाजली. सलिल पाटकी टॉवेल गुंडाळून, कानात मीटिंग आणि हातात बादली घेऊन पाण्यात उतरत होता. त्याच्यामागे भागवतकाकू तांब्या घेऊन उभ्या होत्या. “माझा विरोध नोंदवलेला आहेच,” त्या म्हणाल्या. “पण कुंड्यांनी काय पाप केलंय?”

“नेऊ दे की,” कोंडीराम म्हणाले, “पुन्यांदा भरू. गच्ची बगा, पाणी धरून हाय. ह्याच्यापरीस चांगली परीक्षा कोन घेनार?” घैसासांनी राजीनाम्याचा कागद घडी करून खिशात टाकला. मग त्यांना एकदम हसू आलं, ते जिन्यात बसून इतके हसले की सलिलने बादली खाली ठेवून त्यांना विचारलं, “काका, यू ओके?”

पावसाळा आला आणि गेला. पलंगावर आता दोघंच झोपू लागले. सुरुवातीला घैसासांना मधली जागा मोकळी मोकळी वाटे, मग तीही सवय झाली.

कोजागरीला गच्चीचं कुलूप निघालं. पातेलं चिंचेने घासून लख्ख करून वर आलं. इमारतीतले सगळे होते. अभ्यासिकेतली मुलं पूर्णिमाबरोबर आली होती. भैरूला खास बोलावलं होतं, त्याने कठडा रंगवून दिला होता, तोही परीक्षा न देता. भागवतकाकूंनी दुधात घालायला केशर आणलं आणि आणल्याची नोंद घ्यायला लावली. पूर्णिमाचे बाबा फोनवरून चंद्र बघत होते, कारण त्यांना पोरीचं ऑफिस बघायचं होतं. दुधाला उकळी फुटली तशी प्रियदर्शनीबाईंनी डाव फिरवत गाणं धरलं. दोन वर्षं पाणी झेललेल्या पातेल्यातून वेलदोड्याचा वास आला. घैसासांना इतकं भरून आलं की त्यांनी सलिलला मिठी मारली.

“बघितलंस?” ते बायकोजवळ जाऊन म्हणाले. “शास्त्रशुद्ध पद्धत. सगळ्या पुण्यातून नेमका माणूस हाताला लागला.”

कोंडीराम शेजारीच दूध फुंकून पीत होते. “आवो, आपलं काम हायच तसं,” त्यांनी पेल्याने समोर खूण केली. समोरच्या अभ्यासिकेची गच्ची चांदण्यात कोरडी पडली होती. “ती बी आपलीच की. तितंच तर ह्या पोरीची गाठ पडली, फरशी बसवताना.”

घैसासांचा पेला ओठांपाशीच थांबला. त्यांनी समोरच्या गच्चीकडे पाहिलं. मधे फक्त रस्ता होता.

प्रियदर्शनीबाई दूध ढवळत होत्या. “फेब्रुवारीतच तोंडी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला लेखी हवं होतं.”

घैसासांनी पेला रिकामा केला. मग तो पुढे धरला. बाईंनी डावाने मापून अर्धाच भरला, वर एक बदामाचा काप टाकला आणि म्हणाल्या, “घ्या. कृपागुण.”